टाचांना युरिया लावायचा का? आमच्या घरी काय झालं ते सांगते

ताई, आईच्या टाचा फुटल्यात, डॉक्टरांनी युरियाचं मलम लिहून दिलंय, पण ते गावात मिळत नाही. मग घरातल्या खताच्या पोत्यातला चमचाभर युरिया खोबरेल तेलात कालवून लावला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. नका लावू. बाकीचं सवडीनं वाचलं तरी चालेल.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वावर काळ्या मातीचं. चार वर्षांमागे दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंच्या टाचा अशाच फुटल्या. भेगा इतक्या खोल की त्यात शिरलेली माती धुऊनही निघत नसे. तालुक्याला दवाखान्यात नेलं. तिथं पाय पाहिला न पाहिला आणि चिठ्ठी हातात दिली. वय विचारलं नाही, शुगर आहे का विचारलं नाही. मेडिकलमध्ये ते मलम संपलेलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "त्यात वेगळं काय असतं, युरियाच तर असतो." दवाखान्याचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. पण ते वाक्य मी विसरलेले नाही.

मी बी.एस्सी. केलेलं. वोलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार केला, हे परीक्षेला पाठ केलेलं. रसायन एकच, मग मलमातलं काय आणि पोत्यातलं काय, असं मला खरंच वाटलं. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन दोन चमचे दाणे विरघळवले. पेला हातात एकदम गार पडला. युरिया पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून तसं होतं. मला वाटलं, थंड आहे, आराम पडेल. सुती फडकं भिजवून दोन्ही टाचांना बांधलं.

"झोंबतं का?" मी विचारलं. "काहीच नाही गं," त्या म्हणाल्या.

ताई, माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. एवढ्या खोल भेगेवर युरियाचं पाणी पडलं तर माणूस पाय झटकतो. चांगल्या कंपनीचं मलमसुद्धा फुटलेल्या कातडीला चुरचुरतं. सासूबाईंना काही कळलं नाही, कारण पायाची जाणीवच कमी झाली होती. शुगर होती आणि घरात कोणालाच माहीत नव्हती. मी मात्र ते चांगलं लक्षण समजले आणि चार रात्री पट्टी बांधली. पाचव्या दिवशी सोडली तर टाच पांढरी, भिजलेल्या भाकरीसारखी लिबलिबीत, आणि वास येत होता. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तिथं शुगर ३४० निघाली. सहा आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग. त्या वर्षी कापूस वेचणीच्या आधी वावरात होणाऱ्या सीतादहीच्या पूजेला त्या आल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. दहीभाताचं ताट मी नेलं. त्या ओट्यावर बसून राहिल्या.

आता युरियाबद्दल. मी डॉक्टर नाही, मला नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं तेवढं सांगते. युरिया वाईट नाही. आपल्या कातडीच्या वरच्या थरात तो मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. १० टक्क्यांपर्यंतचं मलम कातडी ओलसर ठेवतं. २० टक्के आणि त्यापुढचं मलम जाड, मेलेली कातडी मऊ करून सोडवतं. टाचांसाठी बहुधा तेच लिहून देतात. ४० टक्क्यांचं कुरुपाला, जाड नखाला, आणि ते स्वतःच्या मनानं आणू नये. म्हणजे ट्यूबवरचा आकडा वाचल्याशिवाय "युरियाचं मलम" या शब्दांना अर्थ नाही. माझ्या पेल्यात किती टक्के झालं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

पोत्यातला युरिया जमिनीसाठी बनवलेला असतो. त्याला निंबोळी तेलाचा लेप असतो, तयार होताना त्यात बाययुरेट नावाचं रसायनही थोडं राहतं. पिकाला ते चालतं, उघड्या जखमेसाठी कोणी ते तपासलेलं नसतं. त्याहून मला भीती वाटते ती खत ठेवायच्या खोलीची. आमच्याकडे पोतं जिथं ठेवतात तिथंच फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, मापाचं झाकण. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते आम्ही जवळून पाहिलंय. आणि युरियाचा एक गुण असा की तो सोबतचं औषध कातडीत जास्त आत जाऊ देतो. त्या खोलीतलं काही पायाला लागायलाच नको.

मलम मिळेपर्यंत साधं व्हॅसलिन पुरेसं आहे. पाय साध्या पाण्यानं धुवा, फडक्यानं टिपा, ओल पूर्ण सुकायच्या आत व्हॅसलिन चोपडा, वर सुती मोजे. काही घरांत पाय गरम पाण्यात बुडवतात. शुगर असेल तर नको, चटका बसलेला कळत नाही. ब्लेडनं कातडी काढणं तर अजिबात नको, न्हाव्याकडूनही नको. वावरात स्लिपरऐवजी टाच झाकणारं पायताण घालायला लावा. आई ऐकणार नाही, आमच्याही ऐकत नव्हत्या, रोज सांगावं लागतं. आणि मलम आणलं तरी भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर आधी दाखवा, मग लावा.

मलमाच्याही आधी आईची शुगर तपासून घ्या. गावात आशाताई असतील तर त्यांना विचारा, त्या कुठं तपासायची ते सांगतील. आणि आज रात्री एक करा. आईला डोळे मिटायला सांगा. घरात कापूस आहेच, त्याची बारीक वात घेऊन पायाच्या एकेका बोटाच्या टोकाला हलकेच लावा आणि कळलं की "हो" म्हणायला सांगा. सगळं कळलं तरी शुगर तपासायची ती तपासाच. एखाद्या बोटाला "हो" आलं नाही तर उद्याचं काम राहू द्या, आईला घेऊन पहिली एसटी धरा.