पंपाच्या पॅनलपाशी उभं राहायचंय ना, मग हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. अग्निशमन दलात ड्रायव्हर-ऑपरेटरच्या (बंब चालवणाऱ्या आणि त्याचा पंप सांभाळणाऱ्या माणसाच्या) ट्रेनिंगला नाव लागलं म्हणून आधी अभिनंदन. आणि खाली तू लिहिलंयस ना की "आता मी आगीपासून लांब गेले, नुसती ड्रायव्हर झाले", ते वाचून हसू आलं कारण मीही अगदी हेच म्हणालो होतो. कित्येक वर्षं ब्रांच (पाण्याच्या पाइपच्या टोकाची तोटी) धरून आत जायचो आणि एक दिवस सांगितलं की तू आता गाडीपाशी थांब, सगळे आत आणि मी बाहेर गेजचा काटा बघत उभा, लाज वाटायची खरंच. ती लाज कधी गेली ते पुढे सांगतो.

आधी चालवण्याचं. टाकीत 4500 लिटर पाणी असेल तर ते साडेचार टन वजन झालं, आणि तेही गप्प न बसणारं. टाकीच्या आत आडवे पत्रे असतात पाण्याला अडवायला, तरी टाकी अर्धी असली की वळणावर मागून कोणीतरी गाडीला खांदा मारल्यासारखं वाटतं, पहिल्यांदा घाबरशील. वळणाच्या आधीच स्पीड उतरव, वळणात ब्रेक मारू नकोस. स्पीड दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं, हे गणित गाडी लाल रंगाची आहे म्हणून बदलत नाही. आणि घाईने वाचतं किती ते बघ, 5 किलोमीटर जायचं असेल तर ताशी 60 ने 5 मिनिटं, 70 ने साधारण 4 मिनिटं 17 सेकंद. म्हणजे 43 सेकंद. तेवढे सेकंद स्टेशनातच कपडे चढवताना आणि पत्ता नीट ऐकताना वाचतात, रस्त्यावर नाही.

सायरन ही विनंती असते, हुकूम नाही. समोरचा काचा बंद करून गाणी ऐकत असतो, त्याला तू दिसतेस तेव्हा उशीर झालेला असतो. लाल सिग्नलला थांब, प्रत्येक लेनमधल्या ड्रायव्हरकडे बघ, मगच निघ. सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, मागे बसलेला कितीही सिनियर असला आणि कितीही ओरडला तरी. रिव्हर्स घेताना मागे माणूस पाहिजे, तो आरशात दिसेनासा झाला की जागीच थांब, बास.

आता गाडी लावायचं. याबद्दल फार कोणी बोलत नाही आणि खरी फजिती इथेच होते. माझी झाली होती. पहिली गाडी माझीच पोचली आणि मी उत्साहात ती थेट इमारतीच्या दारासमोर नेऊन उभी केली, मस्त वाटलं, होज (पाण्याचा पाइप) पण कमी लागला. पाठोपाठ शिडीवाली गाडी आली आणि तिला पुढे यायला जागाच नाही, माझ्या गाडीतून एव्हाना होजच्या दोन लाइन निघालेल्या, त्यात पाणी भरलेलं, आता हलवणार कशी. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यातूनच खाली आणले, सुखरूप आले, पण त्या दिवशी ऑफिसर माझ्याशी एक शब्दही बोलला नाही आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. होज वाकतो, शिडी वाकत नाही, म्हणून दर्शनी जागा तिची. तू इमारतीला थोडी ओलांडून पुढे थांब, म्हणजे येता येता तिच्या तीन बाजू बघूनही होतात. भिंत कोसळायची शक्यता वाटली तर इमारतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब. वरून विजेच्या तारा गेल्यात का बघ, वारा कुठून येतोय बघ, आणि आपण निघायचं कुठून हेही आधीच ठरव. हँडब्रेक, चाकाखाली ठोकळा, मग पंप.

पंपावर आलीस की खरं काम. नवीन पोरं काय करतात, आतून "पाणी कमी येतंय" अशी हाक आली की थ्रॉटल (इंजिनाचा वेग) वाढवतात. थांब जरा. होज दाराच्या फटीत दबलाय का, कुठे पीळ पडलाय का, कोणी न सांगता दुसरी लाइन उघडलीये का, हे आधी. त्याच होजमधून दुप्पट पाणी ढकलायला गेलीस तर घर्षणात जाणारं प्रेशर चौपट होतं, म्हणजे तू इंजिन ओरडायला लावतेस आणि पोरांच्या हातात फरक थोडाच पडतो. अशा वेळी जाड होज किंवा जोडीला दुसरी लाइन. उंचीचा हिशोब सोपा आहे, दर 10 मीटरला साधारण 1 बार प्रेशर जादा. बाकीचे आकडे आधी काढून कागदावर लिही आणि पॅनलच्या झाकणाला आतून चिकटव, धुरात आणि गोंगाटात डोकं चालत नाही, माझं तरी चालत नाही.

व्हॉल्व्ह हळू उघड, हळू बंद कर. एकदम बंद केलास तर धावतं पाणी अडतं आणि त्याचा हातोडा होजला, पंपाला आणि ब्रांच धरलेल्या माणसाला बसतो, तो जर शिडीवर असेल तर विचार कर. ब्रांच बंद असताना पंप नुसता फिरत ठेवू नकोस, तेच पाणी आत घुसळून तापतं, थोडं टाकीत परत फिरू दे.

आणि कान उघडे ठेव. पंपात खडी पडल्यासारखा खडखड आवाज आला की समज, येतंय त्यापेक्षा जास्त पाणी तू ओढतेस. हायड्रंटवर (रस्त्यावरच्या पाण्याच्या नळावर) असशील तर आत येणारा होज मऊ पडायला लागतो, हात लावून बघ, काट्याच्या आधी हाताला कळतं. अशा वेळी थ्रॉटल वाढवायचा नाही, उतरवायचा. विहीर-तळ्यातून घेताना पाणी पंपाच्या खाली 7 मीटरच्या आसपास असेल तिथपर्यंतच भरवसा ठेव, कारण पंप पाणी ओढत नसतो, बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलत असतो आणि त्या दाबाला मर्यादा असते. प्रायमिंग (पंपातली हवा काढून त्यात पाणी भरणं) होत नसेल तर नव्वद टक्के वेळा सक्शनच्या (पाणी आत आणणाऱ्या पाइपच्या) जोडातला वॉशर (हा आकडा माझ्या अनुभवाचा, पुस्तकातला नाही). म्हणून रोज सकाळी ऑइल, टायर, टाकी बघतेस तेव्हा ते वॉशरही बघ.

ती लाज गेल्याची गोष्ट सांगतो म्हणालो होतो. एका रात्री दोघं आत होते, टाकीवर एक ब्रांच चालू, मिनिटाला अंदाजे 450 लिटर, म्हणजे माझ्याकडे सगळी मिळून 10 मिनिटं. टँकर यायचा होता. टाकी अर्ध्यावर आली तेव्हा मी आत सांगितलं, पाव उरली तेव्हा सांगितलं, मग टँकर न आल्यामुळे त्यांना बाहेर बोलावलं. रागाने बाहेर आले, विझतच आलं होतं म्हणाले. ते दारात दिसले आणि साधारण अर्ध्या मिनिटात ब्रांचमधून नुसती हवा फुसफुसली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काट्याकडे. बोललं कोणीच काही नाही.

शेजारी उभे राहणारे बघे तुला सतत प्रश्न विचारणार, पाणी कमी आहे का, आत का जात नाही वगैरे. उत्तर देत बसू नकोस, पाठ त्यांच्याकडे आणि तोंड पॅनल आणि होजकडे.

आता एक काम करून मला कळव. तुझ्या गाडीची टाकी काठोकाठ भर, मोकळ्या जागेत ने, एक ब्रांच उघड आणि घड्याळ लावून बघ पाणी संपायला किती मिनिटं किती सेकंद लागतात, मग परत भरून दोन ब्रांच लावून. पुस्तकातला आकडा नकोय, तुझ्या गाडीचा हवाय.