यिर्मया १६:२ वर पडलेलं बोट

ताई, मी ३२ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्याच एका चांगल्या मुलानं मला लग्नाचं विचारलं. मन होकाराकडे झुकत होतं, पण निर्णय देवाचा असावा म्हणून तीन दिवस उपास केला, डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. यिर्मया १६:२ निघालं : तू बायको करू नको. मी नकार कळवला. आता त्याचं लग्न झालंय, तो सुखात आहे, आणि मला वाटतं की देवाची माझ्यासाठीची योजना मीच चुकवली. मैत्रीण म्हणते, सगळं आधीच ठरलेलं असतं. तू हो म्हणाली असतीस तरी काही ना काही होऊन ते मोडलंच असतं. आता आणखी एकानं विचारलंय. दोन महिने झाले, मला उत्तर देता येत नाही. देवाचंच चालणार असेल तर मला निवड आहे तरी कुठे? आणि निवड असेल तर मी पुन्हा चुकले तर?
— थिजलेली

प्रिय थिजलेली,

यिर्मयाच्या सोळाव्या अध्यायात तुम्ही तीन वर्षं अडकून आहात, तर आधी तिथेच जाऊ. ती आज्ञा एका पुरुषाला, एका विशिष्ट काळासाठी होती. देशावर तलवार आणि दुष्काळ येणार होता, त्यात लेकरं आणि आईबाप मरणार होते, आणि त्याची चालतीबोलती खूण म्हणून त्या संदेष्ट्यानं एकटं राहायचं होतं. कारण लगेच पुढच्या दोन वचनांत दिलंय. बोट तेवढं खाली सरकलं नाही. (आणि राग मानू नका, पण बायको तर तुम्हाला करायचीच नव्हती.)

तेच पुस्तक थोडं पुढे उघडलं असतं तर २९:६ लागलं असतं. बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं ते पत्र आहे : घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावून द्या. मग काय, तुम्ही लगेच होकार कळवला असता? एकाच संदेष्ट्याच्या पुस्तकात दोन उलटे कौल, आणि निकाल ठरणार बांधणी कुठे सैल पडलीय त्यावर.

‘योजना’ हा ज्या वचनातला शब्द घेऊन तुम्ही स्वतःला छळताय, तेही याच पत्रात आहे. २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते कोणाला लिहिलंय हे फारसं कोणी बघत नाही. वर्षानुवर्षं सांगूनही ज्यांनी ऐकलं नाही आणि शेवटी देश गमावला, त्या लोकांना. म्हणजे चुकलेल्यांनाच ते पत्र गेलं होतं, आणि त्यात सत्तर वर्षांचा मुक्काम सांगून वर मळे लावायला सांगितलं होतं. देवाची योजना म्हणजे एकदा चुकली की गेली अशी गाडी असती, तर हे पत्र लिहायचं कारणच नव्हतं.

तुम्ही केलंत ते तुमच्याहून मोठ्यांनीही केलंय. जॉन वेस्ली, मेथडिस्ट पंथाचा संस्थापक, पुढे पूर्वनियोजनाच्या (कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय या) मताविरुद्ध हिरिरीनं लिहिणारा, माणसाच्या होकाराला किंमत आहे असं सांगणारा माणूस. १७३७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सव्हाना इथे सोफिया हॉपकी या तरुणीशी लग्न करावं का, यासाठी त्यानं मित्राबरोबर प्रार्थना करून तीन चिठ्ठ्या टाकल्या : लग्न कर, या वर्षी विचार नको, पुन्हा कधीच विचार नको. तिसरी निघाली. आपण ती आनंदानं मान्य केली असं त्यानं रोजनिशीत लिहिलं. काही दिवसांतच सोफियानं दुसऱ्याशी लग्न केलं, आणि त्याच उन्हाळ्यात वेस्लीनं तिला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) नाकारलं. प्रकरण कोर्टात गेलं, वर्ष संपायच्या आत त्याला ती वसाहत सोडावी लागली. कारणं त्यानं मंडळीच्या नियमांची दिली. असतीलही. पण मला ते वाचताना नेहमी वाटतं, चिठ्ठीनं प्रश्न मिटवला, मन मात्र कोणी विचारात घेतलंच नव्हतं.

प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हे तुम्ही म्हणालच. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना. पण ते पेन्टेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यानंतर विश्वासणाऱ्यांनी चिठ्ठी टाकून काही ठरवल्याचं नव्या करारात पुन्हा दिसत नाही. पुढे यरुशलेमेत मोठा पेच पडला तेव्हा ते बसले, बोलले, बरंच भांडले, आणि निर्णयाच्या पत्रात लिहिलं : पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. त्यातलं ‘आम्हाला’ वगळायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

आता मैत्रीण. तिचं सांत्वन प्रेमाचं आहे, शिकवण मात्र ख्रिस्ती नाही. देवच सगळं ठरवतो असं सर्वांत ठाम सांगणाऱ्यांनी १६४६ मध्ये वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा जाहीरनामा लिहिला. त्यातही लगेच पुढे म्हटलंय की यामुळे माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. देवाला आधीच ठाऊक असतं म्हणून आपण बांधले जातो का, यावर ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताचं उत्तर मला अजून पटतं : तुम्हाला कालची गोष्ट आठवते, पण तुमच्या आठवणीनं ती घडवलेली नसते, तसंच देवाच्या पूर्वज्ञानाचं. दोन्ही टोकं जुळतात कशी, हे मला विचारू नका. डॉमिनिकन आणि जेझुइट हे कॅथलिकांचे दोन धर्मसंघ त्यावर रोममध्ये वर्षानुवर्षं भांडले आणि १६०७ मध्ये पोप पाचवा पौल यानं निकाल न देताच त्यांना घरी पाठवलं, एकमेकांना पाखंडी म्हणू नका एवढं बजावून.

मैत्रिणीला प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचायला सांगा. वादळात सापडलेलं तारू, आत २७६ माणसं. एकही जीव जाणार नाही असं देवदूतानं प्रेषित पौलाला सांगितलेलं. तरी खलाशी होडी उतरवून पळू लागले तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणाला, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. वचन मिळालेला माणूस खलाशांना थांबवा म्हणत होता. शिपायांनी होडीचे दोर कापलेही.

दोन महिने वाट बघणाऱ्या त्या दुसऱ्या गृहस्थांकडे येऊ. तुमचं मूळ पत्र चार पानी होतं, वर मी ते आटोपतं घेतलंय. त्यात ‘देवाची इच्छा’ अकरा वेळा आहे, आणि ‘मला तो आवडतो’ किंवा ‘आवडत नाही’ एकदाही नाही. तो कसा बोलतो, रागावतो कसा, तुमच्या थकव्याकडे त्याचं लक्ष जातं का, काहीच नाही. १ करिंथ ७:३९ मध्ये पौल विधवेला सांगतो, तिच्या इच्छेस येईल त्याच्याशी तिनं लग्न करावं, मात्र प्रभूमध्ये. अट एकच घातलीय, बाकीचं तिच्या इच्छेवर. तुम्ही ती इच्छाच देवाला परत करू बघताय, आणि तो घेत नाहीये.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची एक जुनी युक्ती आहे. कधी न पाहिलेल्या एखाद्या अनोळखी व्यक्तीनं नेमका हाच पेच तुमच्यापुढे मांडला, आणि तिचं भलं व्हावं असं तुम्हाला मनापासून वाटतंय, तर तिला काय सांगाल? ते कागदावर लिहा. मग प्रार्थना करा, तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या एकदोघांशी आणि पाळकसाहेबांशी बोला, आणि त्या गृहस्थांना भेटा. भेटाल तेव्हा त्यांना यिर्मयाची गोष्ट सांगा. ते हसतात, गंभीर होतात की तुम्हाला उपदेश करतात, याकडे नीट लक्ष द्या. बायबल त्या दिवशी घरी ठेवलंत तरी चालेल.

— ताई