सरकारी रुग्णालयात दारूच्या व्यसनावर खरोखर उपचार मिळतात का?

तुम्ही विचारले आहे की भाऊ रोज पितो, खाजगी केंद्राचा खर्च झेपत नाही, तर सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात का, किती दिवस ठेवून घेतात आणि तो तयार नसेल तर काय करावे. उपचार मिळतात. परंतु प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की सोमवारपासून त्याची दारू एकदम बंद करून त्याला घरातच खोलीत ठेवायचे असे घरच्यांनी ठरवले आहे. ते वाक्य वाचल्यावर मला बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी आमच्या घरी काय घडले ते सांगणे भाग आहे.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावचे. माझा थोरला भाऊ ट्रॉलरवर खलाशी होता आणि दहा-बारा वर्षे रोज पीत होता. शेवटची दोन वर्षे तर सकाळी चहाच्या आधी घोट घेतल्याशिवाय त्याच्या हाताचा कंप थांबत नसे. गणपतीत आमच्या घरात दारू येत नाही. २०१९ साली हरतालिकेच्या रात्रीपासून त्याने बाटलीला हात लावला नाही आणि त्याचे घरभर कौतुक झाले. पहिल्या दिवशी त्याला घाम फुटत राहिला, दुसऱ्या दिवशी ना झोप ना अन्न, आणि आम्ही सगळे समजत होतो की सवय मोडते आहे, एवढे व्हायचेच. गौरी यायच्या आदल्या रात्री तो मखराकडे पाठ करून बसला आणि हवेत जाळे सांधू लागला. उजव्या हाताची बोटे सुई धरल्यासारखी मिटलेली, डाव्या हाताने नसलेले जाळे ताणून धरलेले, आणि चार-पाच टाके झाले की तो मान वाकवून दाताने दोरा तोडत होता. मध्येच गोधडीवरच्या मुंग्या वेचून तो आपल्या मुलाच्या तळहातावर ठेवी, आणि तो आठ वर्षांचा पोर त्या नसलेल्या मुंग्या मूठ मिटून सांभाळत बसला होता.

थोरल्या काकांनी निदान केले की हे बाहेरचे आहे. गुरवाला उठवून देवळात कौल लावायचा असे ठरले. मी डॉक्टरांचे नाव काढल्यावर काका म्हणाले, ‘‘सणाच्या दिवसांत दारुड्याचा भाऊ म्हणून दवाखान्यात मिरवायचं आहे का तुला?’’ या वादात दोन तास गेले, आणि तेवढ्यात भाऊ मागच्या दाराने निघून गेला. तो आम्हांला जेटीच्या उतारावर गुडघाभर पाण्यात सापडला. बोट सुटते आहे आणि आपल्याला चढायचे आहे, असे तो सांगत होता, आणि अंग तव्यासारखे तापलेले होते. शेजाऱ्याच्या रिक्षातून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘‘शेवटचा घोट कधी घेतला होता?’’ उत्तर ऐकताच त्यांनी सिस्टरांना इंजेक्शन भरायला सांगितले आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलावून त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले. काकांना रात्रभरात न सुटलेले कोडे त्या एका प्रश्नाने सुटले.

वर्षानुवर्षे दारूच्या गुंगीशी जुळवून घेतलेला मेंदू दारू एकाएकी तुटली की बेलगाम उत्तेजित होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप आणि बेभान अवस्था येऊ शकते, आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. रुग्णालयात डायझेपाम किंवा लोराझेपामसारखे औषध देऊन ते काही दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टोचतात. ते ग्लुकोजचे सलाईन लावण्याच्या आधी द्यावे लागते, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडून घरी सलाईन लावून घेणे हाही उपाय नव्हे. म्हणून तुमच्या भावाला सकाळी कंप सुटत असेल तर सोमवारची वाट न पाहता त्याला आधी रुग्णालयात न्या आणि दारू तिथेच बंद होऊ द्या.

सहा दिवसांनी भाऊ घरी आला आणि खरे भांडण त्यानंतर सुरू झाले. पुढच्या तपासणीला मनोविकार विभागात बोलावले होते, आणि त्या पाटीखाली रांगेत उभे राहणे काकांना आकडीपेक्षा भयंकर वाटत होते. ‘‘पोराला वेड्यांत बसवलंस,’’ हे वाक्य मी पुढे वर्षभर ऐकले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि आपण या गावांची नावे शिवीसारखी वापरतो. त्यामुळे औषध घ्यायला गेलेला माणूसही ‘रत्नागिरीला धाडलेला’ ठरतो. काकांचे म्हणणे असे की दारू हा आजार नाही, ती मस्ती आहे. कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, म्हणजे २०१७ च्या कायद्यात, मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था घेतल्या आहेत, आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ घरांत एकेक काका बसलेले असणार, असे माझे मत आहे.

चार महिन्यांनी भाऊ पुन्हा प्यायला, तेव्हा काकांनी मला न विचारता एका खाजगी केंद्राची गाडी रात्री बोलावली. तिघांनी त्याला उचलून नेले. तीन महिन्यांत तिथे एकही मनोविकारतज्ज्ञ त्याने पाहिला नाही, आणि परत आला तेव्हा पुढचा एक दात नव्हता. तयार नसलेल्या माणसाला दाखल करण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण तो असा नाही. स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःकडे पाहण्याचे भान सुटले असेल, तर मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर स्वतंत्रपणे तपासून, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या, अर्जावरून त्याला सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवून घेऊ शकतात. खाजगी केंद्र निवडावेच लागले तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर द्यायला तिथला माणूस अडखळला तर उठून या. चहातून नकळत द्यायच्या पुड्यांच्या जाहिरातींना तर मुळीच भुलू नका, कारण त्यात डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि त्यावर तो प्यायला तर ते जिवावर बेतू शकते.

आता खर्चाचे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्यामुळे तिथे थोडे शुल्क पडू शकते. आधार कार्ड, असल्यास जुने कागद आणि तो घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर ठेवा. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि व्यसनासाठी १४४४६ हा स्वतंत्र क्रमांक आहे. जाण्याआधी फोन केलात तर जवळची सोय कळेल.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवे होते. तसेच सरकारी रुग्णालय म्हणजे स्वर्ग आहे असाही समज करून घेऊ नका. मनोविकारतज्ज्ञ सगळीकडे रोज भेटतीलच असे नाही, एखादी गोळी बाहेरून आणायला सांगतात, आणि समुपदेशनाला जेवढा वेळ मिळायला हवा तेवढा गर्दीत मिळत नाही. माझा भाऊ त्यानंतरही दोनदा घसरला. आता दोन वर्षे पीत नाही, पण ट्रॉलरवर जात नाही, किनाऱ्यावरच जाळी सांधतो.

शेवटी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. केसपेपरच्या खिडकीवर ‘‘काय होतंय?’’ असे विचारतात, तेव्हा स्पष्टपणे दारू म्हणा आणि मनोविकार विभाग लिहून घ्या. पहिल्या तपासणीच्या दिवशी रांगेत मागे ओळखीचे कोणी उभे आहे असे पाहून काकांनी तिथे ‘‘अशक्तपणा’’ असे सांगितले होते, आणि आम्ही दुपारी दीडपर्यंत चुकीच्या दारासमोर बसून राहिलो.