अनेसिम, ख्रेस्तोस आणि नावावरून पायरी ओळखण्याची खोड

विचारलंय असं: बायबलमधल्या पौलाच्या पत्रांत 'तर्तिय' म्हणजे तिसरा, 'क्वर्त' म्हणजे चौथा. मग ही माणसं गुलामच ना, मालकाने आकड्याने हाक मारलेली?

नाही. नाव कळलं की माणसाची पायरी कळली, हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. रोमन वक्ता सिसेरो याच्या सख्ख्या भावाचं नाव क्विंटस, म्हणजे पाचवा, आणि तो आशिया प्रांताचा सुभेदार होता. उलट गुलामीतून सुटलेला माणूसही जुनं नाव टाकत नसे. सिसेरोचा गुलाम तिरो सुटल्यावर मार्कुस तुल्लियुस तिरो झाला: मालकाची नावं पुढे, स्वतःचं शेवटी. म्हणजे 'तिरो' एवढंच वाचून तो सुटला होता की नाही, काय कळणार?

खरा मासला अनेसिम. फिलेमोनाचा गुलाम. ग्रीकात ओनेसिमोस, म्हणजे 'लाभाचा, कामाचा'. मालाला चिठ्ठी लावावी तसं हे नाव. पौल फिलेमोनाला लिहितो (वचन ११): हा पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मला उपयोगी आहे. मूळ शब्द आख्रेस्तोस आणि एवख्रेस्तोस. मग विसाव्या वचनात 'ओनाइमेन', म्हणजे 'मला तुझ्याकडून लाभ होवो'. हा मूळ क्रियाधातू अनेसिमच्या नावातलाच! गुलामावर लावलेली चिठ्ठी पौल काढतो आणि मालकाच्या अंगावर चिकटवतो.

पण अकराव्या वचनात तो धातू सोडून ख्रेस्तोस ('उपयोगी, चांगला') का घेतला? कारण बोलण्यात 'ख्रेस्तोस' आणि 'ख्रिस्तोस' (म्हणजे ख्रिस्त) एकमेकांत मिसळत होते. ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन इ.स. १९७ च्या सुमारास लिहितो की लोक आम्हाला चुकून 'ख्रेस्तियन' म्हणतात. म्हणजे 'आख्रेस्तोस' कानावर पडलं की 'ख्रिस्ताविना' हेही ऐकू येणार. काही भाष्यकार याला ओढूनताणून आणलेला श्लेष म्हणतात. त्यांनी पत्र डोळ्यांनी वाचलंय. ते मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सभेत, मोठ्याने वाचलं जायचं, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. त्यातून ख्रेस्तोस हे स्वतःच गुलामांमध्ये सर्रास आढळणारं नाव. इतके धागे एका शब्दात जुळून येतात त्याला मी योगायोग मानत नाही.

राहिला तर्तिय. पौलाचं 'रोमकरांस पत्र' त्यानेच लिहून घेतलं, आणि सोळाव्या अध्यायात मध्येच स्वतःचा सलामही घातला. असं लेखनिकाचं काम गुलामही करत आणि मोकळी माणसंही.