रडूच येत नाही, मग माझा पश्चात्ताप खरा कसा?

लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू झाला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. "ताई, मी रोज क्षमा मागतो पण आत काहीच हलत नाही, बाकीचे प्रार्थनेत रडतात, मी आपला कोरडाच." मागे एक गृहस्थ आले होते (ओळख पटेल असं सगळं बदललंय), पंचेचाळिशीचे, नगरकडच्या शेतकरी घरातले, आता शहरात नोकरीला. वर्षभर प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतलं नव्हतं, सगळे पुढे जाऊन गुडघे टेकायचे तेव्हा हे मागच्या बाकावरून हळूच बाहेर.

आधी मी झोप, जेवण, जगण्याचा कंटाळा याबद्दल नीट विचारलं, कारण कधीकधी अपराधीपणाच्या मागे डिप्रेशन असतं आणि मग आधी डॉक्टर गाठायला लागतो. तसं काही नव्हतं.

मग विचारलं, क्षमा नक्की कशाची मागता? म्हणाले, "सगळ्याच पापांची." मला हे उत्तर फार ओळखीचं आहे. सगळ्याच पापांची म्हटलं की एकाचंही नाव घ्यावं लागत नाही ना! मी एवढंच म्हटलं, घरी बायबलमधलं स्तोत्र 51 वाचा आणि दावीद राजा जिथे "माझं पाप नित्य माझ्यासमोर आहे" म्हणतो तिथे थांबा, तुमच्यासमोर काय येतं ते वहीत लिहा, मला दाखवू नका.

पुढच्या वेळी वही न उघडताच बोलायला लागले. वडील गेले, आई आधीच गेलेली, वडिलांच्या एफडीवर नॉमिनी हेच, सहा लाख काढले आणि धाकट्या बहिणीला सांगितलं की सगळे दवाखान्यात गेले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि भारतीय वारसा कायदा, 1925 प्रमाणे ख्रिस्ती मुलाचा नि मुलीचा वाटा सारखाच, म्हणजे तीन लाख तिचे होते, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. सांगताना डोळ्यांत पाणी नव्हतंच, पण हात थरथरत होते.

आपल्या भाषेतल्या "पश्चात्ताप" शब्दातच ताप आहे, म्हणून आपल्याला वाटतं की जितकं पोळलं तितकं खरं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं, आणि हिब्रूतला शब्द तर सरळ "परत फिरणं" असाच. जक्कय हा जकातदार बघा, शुभवर्तमान लिहिणारा लूक त्याच्या रडण्याबद्दल एक शब्द लिहीत नाही, तो उभा राहून फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणतो आणि त्याच दिवशी त्याच्या घराला तारण मिळतं. अश्रू आले तर छानच, येशूला नाकारल्यावर त्याचा शिष्य पेत्र यालाही आले होते, पण ते मोजायचं माप नाही.

मी शेतीचं विचारलं, पेरणीआधी काय करता? माणूस एकदम खुलला, उन्हाळ्यात नांगरट करायची, रान तापू द्यायचं, ढेकळं फुटतात आणि हरळीच्या काशा वर येतात त्या वेचायच्या, नाहीतर पाऊस पडला की पिकाआधी हरळीच उठते. बोलता बोलता स्वतःच थांबले. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन, 4:3, मी नंतर काढून दिलं, पडीत जमीन नांगरा, काट्यांत पेरू नका. वर्षभर प्रार्थनेची पेरणी चालली होती पण ते तीन लाख जमिनीत तसेच होते.

त्यांना पैसे नुसते ट्रान्सफर करून मोकळं व्हायचं होतं. मी नको म्हटलं. येशूला पकडून देणाऱ्या यहूदानेही त्याबद्दल मिळालेले तीस रुपये परत केले होते, मंदिरात फेकून दिले, पण तो येशूकडे परत गेला नाही, पेत्र मात्र किनाऱ्यावर येशूकडे गेला. फोन करा, आधी खोटं बोललो ते सांगा, आणि ती काय म्हणेल ते तिच्यावर सोडा, तिच्याकडून माफी वसूल करायला जाऊ नका.

फोन झाला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "दादा, मला तेव्हाच कळलं होतं." आणि ठेवला. तेव्हापासून दर महिन्याला पंचवीस हजार जातात, तिच्याकडून व्हॉट्सॲपवर एकच शब्द येतो, "मिळाले". ईस्टरला ते पुढे जाऊन गुडघे टेकून आले, रडू आलं नाही म्हणाले. मी विचारलं, बाहेर जावंसं वाटलं? "नाही ताई, या वेळी नाही."