डायोड स्वस्त, ट्रान्सफॉर्मर महाग

प्रश्न : निकेल प्लेटिंगसाठी १२ व्होल्ट, ५० अँपिअर डीसी देणारा रेक्टिफायर थ्री-फेज पुरवठ्यावर कमी खर्चात तयार करता येईल का? त्याला मोठे कपॅसिटर लागतात का आणि मोटारीच्या जुन्या अल्टरनेटरचे डायोड चालतील का? – एक वाचक, हुपरी

उत्तर : करता येईल, आणि कपॅसिटरचा खर्च पूर्णपणे वाचेल. सिंगल-फेज ब्रिजच्या (एसीचे डीसी करणाऱ्या डायोड-जोडणीच्या) डीसीमध्ये रिपल, म्हणजे कपॅसिटरने कमी करावा लागणारा दाबाचा चढउतार, सुमारे ४८ टक्के असतो, तर सहा डायोडांच्या थ्री-फेज ब्रिजमध्ये तो जेमतेम ४.२ टक्के राहतो. प्लेटिंगला एवढा रिपल सहज चालतो.

खरा खर्च ट्रान्सफॉर्मरचा आहे. ब्रिजचा सरासरी डीसी दाब लाइन व्होल्टेजच्या (दोन फेजांमधील एसी दाबाच्या) १.३५ पट मिळतो आणि प्रवाह एका वेळी दोन डायोडांतून जात असल्याने त्यांत सुमारे २ व्होल्ट खर्च होतात. म्हणून १२ व्होल्टसाठी सेकंडरीला (आउटपुटच्या गुंडाळीला) लाइन व्होल्टेज १०.५ ते ११ ठेवावे आणि ट्रान्सफॉर्मर १ केव्हीएचा गुंडाळून घ्यावा. प्रायमरी (मेनकडील गुंडाळी) आणि सेकंडरी वेगवेगळ्या असल्याच पाहिजेत. पैसे वाचवण्यासाठी ऑटो-ट्रान्सफॉर्मर (दोहोंसाठी एकच गुंडाळी असलेला) वापरल्यास टाकीतील द्रावणाचा मेनशी थेट संबंध राहतो आणि हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. दाब कमी-जास्त करायचा असल्यास महागड्या, फिरवून दाब बदलणाऱ्या व्हेरिअ‍ॅकऐवजी प्रायमरीला टॅप (गुंडाळीच्या मधल्या जोडण्या) काढून सिलेक्टर स्विच लावावा.

अल्टरनेटरची डायोड प्लेट येथे खरोखरच कामाची आहे. अल्टरनेटर हेदेखील थ्री-फेज यंत्रच असल्याने तिच्यावर सहा डायोड ब्रिजमध्ये जोडलेलेच असतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १७ अँपिअरच येतात. मात्र ५० अँपिअरला एकूण १०० वॉट उष्णता निघते. गाडीत ती पंख्याच्या वाऱ्याने जाते, तेव्हा येथेही पंखा हवाच. प्लेट घेण्यापूर्वी प्रत्येक डायोड मल्टिमीटरने दोन्ही दिशांना तपासावा. शॉटकी डायोड (कमी व्होल्ट खर्च करणारे) थोडे महाग पडतात, पण त्यांत उष्णता जवळपास निम्मी होते आणि रोज आठ तास काम असल्यास मी तेच सुचवीन.

तीन फेजना वेगवेगळे फ्यूज लावावेत. एखादा गेल्यास यंत्र बंद पडत नाही. स्टार-स्टार जोडणीत (दोन्ही बाजूंच्या तीन गुंडाळ्यांची एकेक टोके एकत्र जोडलेली असताना) आउटपुट साधारण दोन-तृतीयांशावर उतरते आणि रिपल वाढतो. त्यामुळे प्लेटिंग अचानक मंद झाल्यास डायोडांना दोष देण्याआधी फ्यूज पाहावेत.