झोळीला खालून गोधडी

प्रश्न : ताई, डिसेंबरात आम्ही चार मित्र तोरणमाळला गेलो होतो, यशवंत तलावापासून जरा लांब झाडांना हॅमॉक, म्हणजे झोपायच्या कापडी झोळ्या, बांधले. वरून घरची जाड गोधडी, अंगात स्वेटर, कानटोपी, तरी रात्री दोननंतर पाठ आणि कंबर नुसती गार. छातीवर घाम आणि पाठीला हुडहुडी असा प्रकार झाला, शेवटी दोघं जण गाडीत जाऊन झोपलो. हॅमॉकखाली लावायचं अंडरक्विल्ट ऑनलाइन बघितलं, किंमत बघून गप्प बसलो. आईचं पायाचं मशीन घरी आहे, सरळ शिलाई मला जमते. घरी शिवता येईल का? आणि शेतातला कापूस आहेच, तो भरला तर चालेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, आधी कापसाचं सांगते, कारण खान्देशातला माणूस हेच पहिलं विचारणार. कापूस नको. घरात गादी-रजईला तो सोन्यासारखा आहे पण रानात रात्रभर दव पितो, ओला झाला की चिकटून बसतो, ऊब गेली आणि वाळायला पुन्हा आख्खा दिवस पाहिजे. वजन तर विचारूच नका, साध्या रजईतच दोन-तीन किलो जातो.

आता पाठ का गारठली ते बघा. ऊब कापडात नसते, आत अडकलेल्या हवेत असते. आपण झोळीत बाळाखाली दुपटं घालतो ना, ते चालतं कारण बाळ चार किलोचं, दुपटं फारसं दबत नाही. तुम्ही सत्तर किलोचे! अंगाखाली कितीही जाड घाला, त्याची पोळी होते, हवा निघून जाते, आणि जमिनीवर निदान खाली माती असते, हॅमॉकला खालून वाराच वारा. म्हणून हे पांघरूण झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला लटकवायचं. त्याच्यावर तुमचं वजन येता कामा नये.

माझं पहिलं सांगते म्हणजे तुमचं कापड वाया जायचं नाही. मी ते गोधडीसारखं शिवलं, चार-चार बोटांवर धावदोरा, आडवा आणि उभा. सासूबाई म्हणाल्या काय सुबक झालंय, आणि खरंच सुबक होतं, पण पहाटे प्रत्येक शिलाईची रेघ पाठीला गार लागत होती. अहो जिथं शिलाई तिथं भरण शून्य! गोधडीत चालतं कारण तिथं लुगड्यांचे थरच थर असतात. इथं उलटं, शिलाई जितकी कमी तितकं गरम.

भरण म्हणून पॉलिएस्टर फायबरची शीट घ्या, जॅकेटात घालतात ती, कोणी पॉलिफिल म्हणतं कोणी वॅडिंग. उशीत भरतात तसला सुटा फायबर नको, तो एका कोपऱ्यात गोळा होतो. आपल्याकडच्या थंडीला २०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारी शीट मला पुरते. लांबी २ मीटर, रुंदी १.२ मीटर धरली तर भरण साधारण ४८० ग्रॅम होतं, बघा कापसाच्या किती पट कमी. कापड जॅकेटच्या अस्तराचं किंवा छत्रीचं पातळ नायलॉन, जळगावला फुले मार्केटात हिंडलात तर मिळून जाईल. दुकानात तोंड लावून फुंकर मारून बघा, हवा थोडी जायला पाहिजे पण आरपार नाही. ताडपत्री किंवा प्लास्टिकचा मोह आवरा, अंगाची वाफ आत साचते आणि सकाळी भरण ओलं.

एक बारीक गोष्ट, पण सगळी ऊब हिच्यावर आहे. बाहेरचं कापड आतल्यापेक्षा रुंदीला ७-८ सेंटीमीटर जास्त कापा. पांघरूण खाली गोल वाकणार, मग बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान, बैलगाडीच्या चाकाच्या धावेसारखं. दोन्ही सारखी कापली तर बाहेरचं ताणून बसतं आणि भरण दाबतं. जास्तीचं कापड कडेला बारीक चुण्या घालून जिरवायचं.

मग दोन्ही कापडं सुलट बाजू समोरासमोर, वर शीट, तीन बाजू शिवा, उशीच्या खोळीसारखं उलटं करा, चौथी बंद करा. नायलॉन घसरतं, त्यामुळे टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, टाचणीचं भोक तसंच राहतं. ११ नंबरची सुई, पॉलिएस्टरचा दोरा, टाका जरा मोठा. मशीन कापड ओढत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी धरा, नंतर फाडून टाकायची. मधे शीट सरकू नये म्हणून गादीवाले मारतात तसे सैल टाके, वीत-दीड वीत अंतरावर, नुसते धरतील इतकेच.

लांबीच्या दोन्ही कडांना पायजम्यासारखा नेफा करा, आत सेफ्टी पिननं ३ मिलिमीटरची इलास्टिक दोरी ओवा, तिचीच टोकं हॅमॉकच्या दोन्ही टोकांना बांधायची. रुंदीच्या कडांनाही नेफा, तिथं साधी नाडी, ओढली की डोक्याकडचं आणि पायाकडचं तोंड मिटतं, वारा शिरत नाही. तुम्ही आत झोपा आणि मित्राला खालून मधे हात घालायला सांगा. हात मोकळा फिरतोय? मग फट आहे, दोरी आवळा. पाठीला दाब लागतोय? ढिली करा. नुसतं टेकलं पाहिजे. हे आधी घरी ओट्यावर नाहीतर आंब्याखाली करून बघा, तोरणमाळला अंधारात बॅटरी तोंडात धरून करायचं काम नाही.

आणि शेकोटीपासून लांब बांधा दादा, नायलॉनला एक ठिणगी पुरते. अभयारण्याच्या हद्दीत रात्र काढणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : हॅमॉकमध्ये स्लीपिंग बॅगची चेन लावताना जीव जातो, काही युक्ती?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : चेन लावूच नका! पाठीखालचा भाग दबून तसाही निकामीच असतो. पाय तेवढे तळाच्या पिशवीत सारा, वरचा भाग उघडा करून पांघरा. खालून मात्र वरच्या उत्तरातलं शिवावंच लागेल.